ठोकळ्यांच्या मोटरवाल्या गाडीचा गिअर रेशो: आधी कागदावर, मग हातात

पहिली मोटरवाली गाडी बहुतेक जण अशीच बनवतात. मोटरचा ॲक्सल (फिरणारा दांडा) थेट मागच्या चाकात, हाताला लागलेलं सगळ्यात मोठं टायर, वर बॅटरी बॉक्स. स्विच दाबला की गुळगुळीत फरशीवर गाडी छान पळते, पण गालिच्याची कड आली की अडते आणि मोटर नुसती गुरगुरत बसते. मग कोणीतरी सांगतं गिअर लाव, आपण लावतो, आणि नेमका उलटा लावतो, म्हणजे मोठा मोटरवर आणि छोटा चाकावर, आणि आता ती फरशीवरही हलत नाही.

यात चूक एवढीच की गणित न करता गाडी बांधायला घेतली. गणित खरंच सोपं आहे, गुणाकार भागाकार येत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे आणि तेवढ्यात तीन-चार तासांची जोडतोड वाचते. मी खाली सगळं लेगो टेक्निकचे गिअर आणि पॉवर फंक्शन्सच्या, म्हणजे लेगोच्याच बॅटरीवर चालणाऱ्या, मोटरी धरून सांगतोय कारण त्यांचे आकडे मला पाठ आहेत, तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या मोटरी असतील तर फक्त आकडे बदला, पद्धत तीच.

आधी दाते मोजा

गिअरचं नाव म्हणजे त्याच्या दात्यांची संख्या. कोणी "८ चा" म्हणालं की आठ दात्यांचा गिअर. साधे सरळ दात्यांचे गिअर ८, १६, २४ आणि ४० चे येतात. तिरक्या दात्यांचे म्हणजे बेव्हल १२ आणि २० चे, आणि दोन्ही बाजूंनी तिरके असलेले डबल बेव्हल १२, २०, २८ आणि ३६ चे. डबल बेव्हलची गंमत ही की ते समांतर ॲक्सलवरही चालतात आणि काटकोनातही, त्यामुळे गाडीत सगळ्यात जास्त तेच लागतात.

मोजताना एका दात्यावर मार्करचा ठिपका द्या नाहीतर ३६ चा गिअर मोजताना ३५ की ३७ यात अडकाल.

रेशो काढायचा कसा

मोटरकडून जोर घेऊन येणारा गिअर तो फिरवणारा, आणि त्याला लागून जो फिरतो तो फिरणारा. रेशो म्हणजे फिरणाऱ्याचे दाते भागिले फिरवणाऱ्याचे दाते. बस. मोटरवर ८ चा आणि पुढे २४ चा असेल तर २४ भागिले ८ म्हणजे ३. अर्थ असा की मोटर तीनदा फिरली की पुढचा ॲक्सल एकदा फिरतो, वेग तिसऱ्या हिश्शावर आला, आणि बदल्यात जोर म्हणजे टॉर्क तिप्पट झाला (घर्षणात थोडा जातो, त्याचं पुढे बघू).

उत्तर १ पेक्षा मोठं आलं तर जोर वाढला वेग कमी झाला, १ पेक्षा लहान आलं तर उलट. हा एकच नियम डोक्यात पक्का करा, कारण कोणी ३:१ लिहितं कोणी १:३ लिहितं आणि दोघांना म्हणायचं एकच असतं, त्या लिहिण्याच्या गोंधळात पडूच नका, स्वतःला विचारा की मोटर किती फिरल्यावर चाक एकदा फिरतं. मी या लेखात तोच आकडा वापरतोय.

गिअर स्वतः ताकद तयार करत नाही हे पण इथेच समजून घ्या. वेग देऊन जोर घ्यायचा किंवा जोर देऊन वेग घ्यायचा, दोन्ही एकदम मिळत नाही. गाडी जोरातही पळायला हवी आणि चढही चढायला हवा असं वाटत असेल तर मोठी मोटर, दुसरी मोटर किंवा हलकी गाडी एवढेच मार्ग आहेत.

दोन-तीन टप्पे असतील तर

टप्प्यांचे रेशो गुणायचे, बेरीज नाही. ८ चा २४ ला फिरवतो, त्या २४ च्याच ॲक्सलवर दुसरा ८ चा बसवलाय आणि तो पुढच्या २४ ला फिरवतो, तर ३ गुणिले ३ म्हणजे ९. नवीन माणूस इथे ६ म्हणतो. ८ आणि ४० ची जोडी दोनदा लावली तर २५, म्हणजे मोटर पंचवीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा.

आता एक फसवी जागा. एका ओळीत तीन गिअर, ८ मग २४ मग ४०, आणि प्रत्येक ॲक्सलवर एकच गिअर. इथे मधल्या २४ चा रेशोवर काहीच परिणाम नाही, करून बघा: २४ भागिले ८ गुणिले ४० भागिले २४, ते २४ उडून जातात आणि उरतं ४० भागिले ८ म्हणजे ५. मधला गिअर फक्त फिरण्याची दिशा बदलतो आणि अंतर भरून काढतो. त्याला आयडलर म्हणतात. रेशो वाढवायचा तर एकाच ॲक्सलवर दोन वेगवेगळे गिअर हवेत, एक घेणारा आणि एक देणारा.

ॲक्सलमधलं अंतर

हा भाग बरेच जण वगळतात आणि मग कागदावरचा रेशो प्रत्यक्षात बसत नाही. या गिअरची एक फार सुंदर गोष्ट आहे: जितके दाते तितके मिलिमीटर त्याचा कामाचा व्यास, म्हणजे दाते एकमेकांत जिथे अडकतात तिथला. २४ चा गिअर २४ मिलिमीटरचा, ८ चा ८ मिलिमीटरचा. आणि बीममधल्या, म्हणजे भोकांच्या पट्टीतल्या, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचं अंतर, म्हणजे एक स्टड, ८ मिलिमीटर.

त्यामुळे समांतर ॲक्सलसाठी हिशोब असा: दोन्ही गिअरचे दाते मिळवा, निम्मे करा, हे झालं दोन ॲक्सलमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, त्याला ८ ने भागा. ८ आणि २४ मिळून ३२, निम्मे १६, म्हणजे बरोबर २ स्टड. ८ आणि ४० मिळून ४८, निम्मे २४, म्हणजे ३ स्टड. १२ आणि २० म्हणजे २ स्टड, १२ आणि ३६ म्हणजे ३, २० आणि २८ पण ३, २४ आणि ४० म्हणजे ४. हे सगळे सरळ भोकात बसतात.

पण ८ आणि १६ घेतले तर २४ चे निम्मे १२, म्हणजे दीड स्टड. १६ आणि २४ म्हणजे अडीच. यांना अर्ध्या स्टडने सरकवणारे तुकडे वापरून फ्रेम बनवावी लागते, आणि नवख्या माणसाची अशी फ्रेम सैल होते, सैल झाली की दाते सुटतात. सुरुवातीला पूर्ण स्टडमध्ये बसणाऱ्या जोड्याच वापरा असं माझं स्पष्ट मत आहे, मिळणारा रेशो थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो, फ्रेम हलली तर नाही चालत.

टायर हा पण गिअरच आहे

टायरच्या बाजूला आकडे कोरलेले असतात, ८१.६ × ३८ वगैरे. पहिला आकडा व्यास, दुसरा रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. व्यासाला ३.१४ ने गुणलं की चाक एकदा फिरल्यावर गाडी किती पुढे जाते ते कळतं. ८१.६ गुणिले ३.१४ म्हणजे साधारण २५६ मिलिमीटर, म्हणजे २५.६ सेंटिमीटर.

टायर दुप्पट मोठं घेतलं तर तेवढ्याच फेऱ्यांत गाडी दुप्पट जाते पण जमिनीवर मिळणारा ढकलण्याचा जोर निम्मा होतो. गिअर न बदलता फक्त मोठे टायर लावून "आता का चढत नाही" असं विचारणारे खूप भेटतात, कारण हेच. ट्रकला मोठे टायर हवेतच असतील तर रेशो पण त्या प्रमाणात वाढवा.

मोटरचे आकडे

प्रत्येक मोटरचे दोन आकडे कामाचे. एक, काहीच ओझं नसताना ती मिनिटाला किती फेरे मारते. दोन, किती टॉर्कला ती पूर्ण थांबते, म्हणजे स्टॉल होते. मोटरी तीन आकारांच्या धरू, एक्सएल सगळ्यात मोठी, मग एल, मग एम. ९ व्होल्टवर एक्सएल मोटर बिनओझ्याची साधारण २२० फेरे आणि स्टॉल ४० न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास. एल मोटर ३९० फेरे आणि १८. एम मोटर ४०० च्या थोडं वर आणि ११.

यातला कुठलाच आकडा गाडीत प्रत्यक्ष मिळत नाही. स्टॉलला मोटर थांबलेली असते आणि तापत असते, तिथे ठेवायची नाही, आणि पूर्ण वेगाला ती काहीच काम करत नसते. मधे सरळ रेषेचं नातं आहे, ओझं जितकं वाढेल तितका वेग त्याच प्रमाणात पडतो. म्हणून मी नेहमी एक तृतीयांश धरतो: स्टॉल टॉर्कचा तिसरा हिस्सा ओझं, मग वेगही तिसऱ्या हिश्शाने कमी. एक्सएल साठी १३.३ न्यूटन-सेंटिमीटर आणि १४७ फेरे. एल साठी ६ आणि २६०. या जागी मोटर निवांत चालते, फार तापत नाही.

रिचार्जेबल सेल वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, ते १.२ व्होल्टचे असतात, सहा मिळून ७.२ व्होल्ट होतात, ९ नाही. म्हणजे वेग आणि जोर दोन्ही पाचव्या हिश्शाने कमी धरा. नव्या अल्कलाइन सेलवर चढलेली गाडी रिचार्जेबलवर का अडते याचं कोडं इथेच सुटतं.

आता उलटं गणित, चाकापासून मोटरकडे

खरी पद्धत ही. आधी ठरवा गाडीने काय करायचंय, मग मागे मागे येत मोटरपर्यंत पोचा. एक उदाहरण पूर्ण करू.

गाडी दीड किलोची, सेल आणि मोटर धरून (किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवून बघा, अंदाज नको, अंदाज नेहमी कमीच निघतो). टायर ८१.६ चे. मागे डिफरन्शिअल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. चढ असा की ९० सेंटिमीटरची फळी आणि तिचं एक टोक ३० सेंटिमीटर उचललेलं. उंची भागिले फळीची लांबी म्हणजे एक तृतीयांश, कोन मोजायची गरजच नाही.

चढावर गाडीला मागे खेचणारा जोर म्हणजे वजनाचा तेवढाच हिस्सा. दीड किलो गुणिले ९.८ म्हणजे १४.७ न्यूटन, त्याचा तिसरा हिस्सा ४.९ न्यूटन. चाकाची त्रिज्या ८१.६ ची निम्मी, ४.०८ सेंटिमीटर. दोन्ही गुणलं की चाकावर लागणारा टॉर्क, २० न्यूटन-सेंटिमीटर. टायर दबतात, ॲक्सल घासतात, म्हणून मी पाव हिस्सा वर टाकतो. झाले २५.

आता एक्सएल मोटर १३.३ देतेय. गिअरमध्ये आणि भोकांत घासून काही जातं, दोन टप्पे आणि डिफरन्शिअल आहे म्हणून मी ७० टक्केच पोचतं असं धरतो, हा माझा सावध अंदाज आहे, नीट बांधलेली गाडी याहून बरी निघते. १३.३ गुणिले ०.७ म्हणजे ९.३. मग २५ भागिले ९.३ म्हणजे साधारण २.७. एवढा रेशो तरी हवाच.

डिफरन्शिअलच्या बाहेरच्या कड्याला २८ दाते आहेत आणि त्याला २० चा बेव्हल फिरवतो, तिथेच १.४ मिळाले. उरले २.७ भागिले १.४ म्हणजे १.९ च्या वर काहीतरी. १२ आणि २० ची जोडी १.६७ देते, एकूण २.३३, कमी पडलं. ८ आणि १६ ची जोडी २ देते, एकूण २.८, आकड्याने अगदी छान पण ते दीड स्टडवालं प्रकरण. १२ आणि ३६ ची जोडी ३ देते, ३ स्टडवर बसते, एकूण ४.२. मी हीच घेईन. गरजेपेक्षा जास्त आहे पण गाडी पुढे जड होतेच, बॉडी लागते, दिवे लागतात, आणि तेव्हा हा जास्तीचा जोर उपयोगी पडतो.

८ आणि २४ ने पण ३ च मिळतात आणि जागा कमी लागते, मग १२-३६ का? कारण ८ चा गिअर बारीक असतो, त्याचे मोजकेच दाते एका वेळी अडकतात आणि ओझं आलं की तो आधी उडी मारतो. चालवण्याच्या ताकदीच्या जागी डबल बेव्हल, स्टिअरिंगसारख्या हलक्या कामाला ८ चा.

वेग बघू. १४७ भागिले ४.२ म्हणजे चाक मिनिटाला ३५ फेरे. गुणिले २५.६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ९०० सेंटिमीटर, ९ मीटर मिनिटाला, सेकंदाला १५ सेंटिमीटर. सपाट जमिनीवर यापेक्षा जास्त, पण २२० भागिले ४.२ म्हणजे ५२ फेरे ही वरची मर्यादा, सेकंदाला २२ सेंटिमीटर, त्यावर ती कधीच जाणार नाही. हे वाचून हळू वाटलं तर ते आत्ताच कळलं हे चांगलं, गाडी बांधून झाल्यावर नाही.

हेच एल मोटरने करू. ६ गुणिले ०.७ म्हणजे ४.२, आणि २५ भागिले ४.२ म्हणजे ६ रेशो हवा. ८ आणि ४० चे ५ गुणिले डिफरन्शिअलचे १.४ म्हणजे ७. वेग २६० भागिले ७ म्हणजे ३७ फेरे. बघा, एक्सएलचे ३५ आणि एलचे ३७, जवळजवळ सारखंच. वेगवान मोटर म्हणून एल घेतली आणि चढ तोच ठेवला तर गिअर लावून लावून शेवटी त्याच वेगावर येतो. फरक एवढाच की एक्सएलकडे अजून जोर शिल्लक आहे आणि एल आकाराने सडपातळ आहे, बारीक गाडीत बसते.

दोन मोटरी एकाच ॲक्सलवर जोडल्या तर जोराची बेरीज होते, वेगाची नाही. पण त्यामुळे कमी रेशो लावून वेग वाढवता येतो, हा फायदा खरा आहे. दोन्ही मोटरी एकाच प्रकारच्या घ्या.

वर्म आणि डिफरन्शिअलबद्दल थोडं

वर्म म्हणजे स्क्रूसारखा गिअर. तो एकदा फिरला की समोरचा गिअर एकच दाता सरकतो, म्हणून त्याला १ दाता धरा. वर्म आणि २४ चा म्हणजे २४ रेशो, एकाच टप्प्यात, २ स्टडमध्ये. फार मोहात पाडणारं आहे पण गाडी चालवायला नको. घर्षणात खूप जोर जातो, आणि चाकाकडून मोटरकडे तो उलटा फिरतच नाही, म्हणजे स्विच सोडला की गाडी खाडकन थांबते आणि हाताने ढकलता येत नाही. क्रेनची दोरी, डंपरचा ट्रे, जिथे उचललेलं तिथेच राहायला हवं तिथे वर्मसारखं काही नाही.

डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी कड्याच्या वेगाएवढी असते. वळणावर हे हवंच. पण एक चाक हवेत गेलं तर ते दुप्पट वेगाने फिरतं आणि जमिनीवरचं थांबतं. दगडधोंड्यांवर चालणारी गाडी बनवत असाल तर मागे सरळ ॲक्सल घाला.

रिडक्शन कुठे ठेवायचं

माझ्या एका चारही चाकं चालणाऱ्या ट्रकमध्ये मी सगळं रिडक्शन, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर, मोटरच्या तोंडाशीच केलं होतं, १५ रेशो, आणि मग लांब ॲक्सलने तो जोर पुढे नेला. पहिल्याच चढावर ॲक्सल जिलेबीसारखा पिळला गेला, सरळ झालाच नाही. गणित बरोबर होतं, जागा चुकली होती. प्लास्टिकच्या ॲक्सलला वेग सोसतो, टॉर्क सोसत नाही. म्हणून लांबचा प्रवास वेगात आणि कमी जोरात करू द्या, आणि शेवटचा मोठा टप्पा चाकाच्या अगदी जवळ घ्या. युनिव्हर्सल जॉइंटलाही, म्हणजे दोन ॲक्सल कोनात जोडणाऱ्या सांध्यालाही, हेच लागू.

गिअर दोन्ही बाजूंनी बीममध्ये धरलेला हवा, एका बाजूने लोंबकळणारा गिअर ओझ्याखाली वाकतो आणि कट कट आवाज येतो. तो आवाज आला की लगेच थांबा, दाते झिजतात. आणि बुश, म्हणजे गिअर जागेवर धरणारी छोटी कडी, ॲक्सलवर फार घट्ट दाबू नका, कागदाएवढी फट ठेवा, नाहीतर अर्धा जोर तिथेच घासून जातो.

स्टिअरिंग किंवा असं काही जिथे शेवटाला जाऊन अडतं तिथे २४ चा पांढरा क्लच गिअर घाला. त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर लिहिलेलं असतं, त्याच्या वर ओझं गेलं की तो घसरतो आणि मोटर वाचते. चाकं चालवायच्या लाइनमध्ये मात्र घालू नका, आपल्या उदाहरणात मोटरच १३ देतेय, तो सारखा घसरतच राहील.

बांधल्यावर तपासा

मोटर लावायच्या आधी इनपुट ॲक्सलला एक छोटा बीम हँडलसारखा लावा आणि चाकाला रंगीत टेपची खूण करा. ४.२ रेशो असेल तर हँडल २१ वेळा फिरवल्यावर चाकं बरोबर ५ वेळा फिरायला हवीत. डिफरन्शिअल असेल तर गाडी जमिनीवर ठेवून सरळ पुढे जाऊ द्या, हवेत धरून मोजलं तर एक चाक जास्त एक कमी फिरेल आणि आकडा चुकेल. ५ च्या ऐवजी वेगळंच काही आलं तर कुठेतरी गिअर उलटा बसलाय किंवा दाते मोजायला चुकलाय.

हाताला फिरवताना जड लागतंय का ते पण बघा. मोटरशिवाय गिअरची पूर्ण लाइन दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडखळत असेल तर फ्रेम वाकडी आहे, एक एक ॲक्सल काढून कुठला अडतो ते शोधा. मग मोटर लावा, गाडी चढावर सोडा आणि टेपच्या खुणेचे दोन पूर्ण फेरे व्हायला किती सेकंद लागतात ते मोजून १२० ला त्या आकड्याने भागा, मिनिटाचे फेरे मिळतील. आपल्या गाडीत हे उत्तर ३५ ते ४० च्या आसपास यायला हवं, कारण ४.२ रेशोवर मोटरवरचं ओझं तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं कमीच असतं. ४२ च्या पुढे गेलं तर घर्षण अंदाजापेक्षा कमी आहे, अजून थोडं वजन चढवता येईल. २५ च्या खाली असेल तर आधी सेल तपासा, मग बुश सैल करा, आणि तरीही तेच आलं तर १२-३६ च्या जागी ८-४० लावून बघा, दोन्ही ३ स्टडवर बसतात म्हणून फ्रेमला हात लावावा लागत नाही, रेशो ७ होतो. फक्त तिथे ८ चा गिअर येतोय हे ध्यानात ठेवून त्याला दोन्हीकडून नीट आवळा.